बारावीच्या आधुनिक इतिहासाचं वर्षभराचं नियोजन कसं करावं

ज्युनिअर कॉलेजला लागलो त्या पहिल्या वर्षी मी युरोपातल्या प्रबोधनावर तीन आठवडे शिकवलं. मला तो विषय आवडतो, चित्रं दाखवायला मजा येते, मुलंही खूश होती. त्याची किंमत जानेवारीत चुकवावी लागली. शीतयुद्धाला तीन तासिका उरल्या. बर्लिनची भिंत घंटा झाल्यावर उभी केली आणि पुढची घंटा व्हायच्या आत पाडली. १९६१ आणि १९८९ एकाच फळ्यावर, मधली अठ्ठावीस वर्षं डस्टरखाली.

तेव्हापासून मी जूनमध्ये पुस्तक उघडण्याआधी कॅलेंडर उघडतो. राज्य मंडळाच्या बारावी कला शाखेचा इतिहास शिकवणाऱ्या नव्या शिक्षकांसाठी हे लिहितोय. सतरा नंबरचा फॉर्म भरून घरी अभ्यास करणाऱ्यालाही यातलं बरंच वापरता येईल.

आधी तासिका मोजा

आमच्याकडे इतिहासाला आठवड्याला चार तासिका असतात. जूनच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत बत्तीस आठवडे धरले तर कागदावर १२८ तासिका होतात. हा आकडा खरा मानू नका. दिवाळीची सुट्टी, गणपती, चाचणी, सत्र परीक्षा, प्रिलिम, गॅदरिंग, क्रीडा महोत्सव आणि एन.एस.एस.चं शिबिर वजा करा. शिबिराला निम्मा वर्ग जातो आणि उरलेल्या निम्म्याला शिकवलेलं पुन्हा शिकवावं लागतं, म्हणून तो आठवडा पूर्ण वजा करायचा. पावसाळ्यात एस.टी. बंद पडण्याचे दोन-तीन दिवसही धरा. माझ्या हातात शेवटी ८६ उरतात. तुमचा आकडा वेगळा येईल, पण शंभराच्या वर आला तर एकदा पुन्हा मोजा.

यातल्या सहा तासिका प्रकल्पाला आणि दहा लेखनसराव व उजळणीला बाजूला काढायच्या. त्यांना नंतर हात लावायचा नाही. शिकवायला राहिल्या ७०.

धडे सारखे वाटू नका

२०२० साली आलेल्या पुस्तकात बारा धडे आहेत. प्रबोधनापासून सुरुवात होते, मग वसाहतवाद, मराठे, सुधारणा, स्वातंत्र्यलढा, महायुद्धं, निर्वसाहतीकरण, शीतयुद्ध आणि शेवटी बदलता भारत. सत्तरला बारानं भागलं की जवळजवळ सहा येतात आणि स्टाफरूममधली बहुतेक नियोजनं तशीच केलेली असतात. त्यात अडचण अशी की सगळं सारखंच उथळ होतं.

माझी वाटणी अशी : वसाहतवादाचे तिन्ही धडे एकत्र करून २०, सामाजिक सुधारणा आणि लढा मिळून १८, एकात्मीकरण ८, महायुद्धं ८, शीतयुद्ध आणि जगातलं निर्वसाहतीकरण मिळून ९, बदलता भारत ४, प्रबोधन ३. होय, तीन. छापखाना, दुर्बीण आणि समुद्रमार्ग एवढ्या तीन गोष्टी कळल्या की पुढचा वसाहतवाद कळतो. बाकीचं मुलं वाचून येऊ शकतात आणि तेवढं वाचन त्यांच्याकडून करून घ्यावंच.

प्रत्येक घटकाला एकच प्रश्न, आणि तो जवळचा

नियोजनातला हा भाग सगळ्यात जास्त वेळ खातो, पण खाऊ द्या. घटकाच्या वर शीर्षक लिहिण्याऐवजी एक प्रश्न लिहायचा. त्याचं उत्तर द्यायला मुलाला आख्खा घटक लागला पाहिजे आणि प्रश्न मात्र त्याच्या ओळखीच्या ठिकाणाहून निघाला पाहिजे.

महायुद्धांसाठी माझा प्रश्न आहे, ‘आपल्याकडचा माणूस मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) कशाला मेला?’ साताऱ्याकडच्या कितीतरी गावांत महायुद्धावर गेलेल्यांची संख्या कोरलेला दगड चावडीजवळ नाहीतर देवळाशेजारी असतो. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावचे ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले, म्हणून ते अपशिंगे मिलिटरी. आता नकाशावर कूत-अल-अमारा दाखवा. तिथे वेढ्यात अडकून २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेलेल्या फौजेचं नाव होतं पूना डिव्हिजन आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. एवढं सांगितल्यावर ‘युद्धाची कारणे’ मुलं स्वतः विचारतात. तुमच्या भागात असा दगड असेल तर पहिली तासिका त्याच्यासमोरच घ्या.

एकात्मीकरणासाठी प्रश्न : ‘१५ ऑगस्ट १९४७ ला कोण कोण स्वतंत्र झालं नव्हतं?’ मराठवाड्यातल्या मुलाला १७ सप्टेंबर १९४८, म्हणजे निजामाचं हैदराबाद भारतात आलं तो दिवस, घरूनच माहीत असतो. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला विलीन झालं. गोव्याला १९ डिसेंबर १९६१ पर्यंत थांबावं लागलं. एकाच फळ्यावर या तारखा मांडल्या की स्वातंत्र्य एका रात्रीत आलं हे चित्र आपोआप पुसलं जातं.

शीतयुद्धाचा प्रश्न मला बरीच वर्षं सापडत नव्हता. मग एकदा ऑक्टोबर १९६२ ची फक्त दिनदर्शिका फळ्यावर काढली. डावीकडे क्यूबा, उजवीकडे लडाख आणि नेफा (आजचा अरुणाचल प्रदेश). १६ तारखेपासून अमेरिकेचे अध्यक्ष क्यूबातल्या क्षेपणास्त्रांच्या चिंतेत होते आणि २० तारखेला चीननं आपल्यावर हल्ला केला. जग एका टोकाला अणुयुद्धाच्या काठावर, दुसऱ्या टोकाला आपण एकटे. आणि मग यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे मुलांनी भाषणांत ऐकलेलं असतं. ते कधी आणि का म्हटलं गेलं, हे बहुतेकांना पहिल्यांदा त्या तासाला कळतं. अलिप्ततावाद शिकवायला यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही.

एक घटक सावकाश करा : सुपे, १८७५

सगळे घटक खोलात नेता येत नाहीत. वर्षात दोन निवडा. माझा पहिला म्हणजे सुप्याचा उठाव. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. १२ मे १८७५ रोजी आसपासच्या गावांतले शेतकरी तिथल्या बाजारात जमले, सावकारांच्या दुकानांत शिरले आणि त्यांनी खतं (कर्जरोखे) आणि वह्या मागितल्या, मिळाल्या त्या जाळल्या. उठाव पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. त्यांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता.

पहिल्या तासिकेला मी कारणं सांगत नाही. फळ्यावर एक हिशेब मांडतो. समजा शंभर रुपयांचं कर्ज, दरसाल शेकडा चोवीस व्याज. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं खत तीन वर्षंच ग्राह्य. कायदा कुळाच्या, म्हणजे कर्जदाराच्या, भल्यासाठी केला होता, व्याज चढत जाऊ नये म्हणून. सावकारानं काय केलं? तीन वर्षं भरली की मुद्दल आणि व्याज मिळून १७२ रुपयांचं नवीन खत लिहून घेतलं. आणखी तीन वर्षांनी त्यावर पुन्हा नवीन. मुलांना मोबाइलवर आकडेमोड करू द्या. २९५ रुपये ८४ पैसे येतात. मधल्या काळात कुळानं एक नवा पैसा उचललेला नाही. वर्ग शांत होतो. एकदा मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, ‘सर, आमच्या आईचं फायनान्सवाल्याचं कार्डपण असंच फिरतं.’ त्या दिवशी पुढचं काही शिकवलं नाही, तिलाच बोलू दिलं.

दुसऱ्या तासिकेला नकाशा. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, इंग्लंडच्या गिरण्यांचा कापूस अडला, मुंबई इलाख्यातल्या कापसाचे भाव चढले आणि दख्खनमध्ये उधारी सैल झाली. १८६५ ला युद्ध संपलं. भाव पडले, सावकारानं हात आखडला आणि त्याच सुमारास सरकारनं शेतसाराही वाढवला. जागतिक बाजारपेठ ही संकल्पना एरवी व्याख्येत अडकून पडते. इथे ती सुप्याच्या बाजारात येऊन उभी राहते.

तिसरी तासिका साधनांची. सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७८ साली त्याचा अहवाल आला. दोष सावकारांचा, सरकारी साऱ्याचा नव्हे, असा त्याचा एकूण सूर. मी वर्गाला एवढंच विचारतो की आयोग कोणी नेमला होता? पाच मिनिटांत कोणीतरी बोलतंच, ‘स्वतःवर कोण कशाला घेईल?’ मग शेतकऱ्यांच्या दैन्याबद्दल जोतीरावांनी लिहिलेला उतारा वाचायला देतो. ते सरकार आणि भटशाही दोघांनाही सोडत नाहीत. जोतीरावांनाही तोच प्रश्न विचारायचा : हे कोण लिहितंय, कोणासाठी? आपल्या बाजूच्या माणसाची उलटतपासणी करायला मुलं कचरतात, तिथे थोडा धीर द्यावा लागतो.

चौथ्या तासिकेला १८७९ चा दख्खन शेतकरी मदत कायदा आणि लगेच वीस मिनिटांचं लेखन. दुसरा सावकाश घटक तुमच्या जिल्ह्यातून घ्या. सांगलीकडच्यांना कुंडल आणि प्रतिसरकार आहे, ठाण्याकडच्यांना लष्करी छावणीत निर्वासित उतरले आणि वसलं ते उल्हासनगर.

नाजूक विषय आधीच वहीत मांडून ठेवा

महाड शिकवताना मी एक चूक केली होती. ‘तुमच्यापैकी कोणाच्या घरी याबद्दल सांगतात?’ असं सहज विचारलं आणि दोन मुलांनी माना खाली घातल्या. कुठल्याही मुलाला त्याच्या जातीचा किंवा धर्माचा प्रतिनिधी म्हणून उभं करायचं नाही, हा नियम तेव्हापासून नियोजनाच्या पहिल्या पानावर आहे.

आता मी महाड कागदपत्रांनी शिकवतो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा विधिमंडळातला बोले यांचा ठराव १९२३ चा. महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं १९२४ ला. तरी पाण्याला हात लावायला २० मार्च १९२७ चा सत्याग्रह लागला आणि हायकोर्टाचा निकाल १९३७ ला आला. ठराव होऊन चौदा वर्षं. कागदावरचा हक्क आणि ओंजळीतलं पाणी यांत एवढं अंतर का, यावर वर्ग आपणहून बोलतो आणि कोणाला कोणाच्या घरात डोकवावं लागत नाही. फाळणीलाही हीच पद्धत. रॅडक्लिफ रेषा जाहीर झाली १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी. सीमेजवळच्या माणसाला १५ तारखेला झेंडा कुठला लावायचा हे ठाऊक नव्हतं. यावर विचार करायला दहा मिनिटं द्या आणि तुम्ही गप्प बसा.

वीस गुणांचा प्रकल्प जुलैतच सोडा

लेखी परीक्षा ८० ची, अंतर्गत २० ची. हे वीस गुण बहुतेक ठिकाणी इंटरनेटवरून छापलेल्या चित्रांना आणि थर्माकोलला जातात. मी विषय एकच देतो, १९७२ चा दुष्काळ. तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची असलेली माणसं आज सत्तरीच्या आसपास आहेत, घरोघरी भेटतात.

‘दुष्काळाबद्दल सांगा’ असं विचारलं की आजी म्हणते, ‘लई वाईट दिवस होते बाबा,’ आणि मुलाखत संपते. म्हणून प्रश्न आधी वर्गात लिहून घ्यायचे. खडी फोडायला कुठल्या रस्त्याला जायचात? मजुरी रोज मिळायची की आठवड्याला? सुकडी कोण वाटायचं, तिची चव कशी होती? लाल मिलोची (अमेरिकेतून आलेल्या ज्वारीची) भाकरी कशी लागायची? जनावरं विकली का, कुठल्या बाजारात? आजोबांनी सांगितलेला रस्ता आजही असतो, तो मुलानं बघून यायचा. शेवटी एक पान : या आठवणीतलं काय ताडून बघता आलं आणि काय नाही. गुण या पानाला. याच कामांमधून पुढे रोजगार हमीचा कायदा आला, त्यामुळे ‘बदलता भारत’ शिकवताना मी मुलांच्या फायली टेबलावर ठेवतो आणि त्या धड्याच्या चार तासिकांतल्या दोन तिथेच निघतात.

लेखन दर पंधरवड्याला

गाइडातलं उत्तर पाठ करू नका असं सांगून उपयोग नसतो, मुलं करतातच. त्यापेक्षा दोन उत्तरं समोर ठेवा, एक गाइडातलं आणि एक गेल्या वर्षीच्या एखाद्या मुलाचं, नाव झाकून. कुठलं वाक्य कुठल्याही प्रश्नाखाली खपेल ते खोडायला सांगा. ‘याचे दूरगामी परिणाम झाले’ हे पहिलं जातं. कोणावर, कधी, काय परिणाम, हे लिहिल्याशिवाय ते परत घ्यायचं नाही. एका वेळी एकच उत्तर तपासा, सगळ्यांचं, आणि दोन दिवसांत वह्या परत द्या. वही महिन्यानं मिळाली तर मुलगा फक्त गुण बघतो.

मागे पडलात तर

पडालच. म्हणून नियोजन एका पानावर आणि पेन्सिलनं ठेवा आणि दोन ठिकाणी थांबून बघा : सत्र परीक्षेच्या आधी आणि दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी. दहापेक्षा जास्त तासिका मागे असाल तर जादा तासांच्या मागे लागू नका, पाच वाजता मुलांची एस.टी. असते. प्रबोधन आणि युरोपीय वसाहतवादातला तपशील वाचनावर सोडा, जगातलं निर्वसाहतीकरण एका नकाशात आणि दोन तासिकांत करा. सुपे कापू नका. आणि शेवटच्या धड्याचं शेवटचं पान आधीच कोणाला तरी वाचायला देऊन ठेवा, म्हणजे जानेवारीत तो तास तो मुलगा घेईल आणि तुम्हाला हजेरीपट पूर्ण करायला वेळ मिळेल.