जुन्या ड्रिलच्या ठिणग्या

पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेल्या ॲल्युमिनियमच्या ड्रिलला पिस्तुलासारखी मूठ आणि घोडा आहे. या रचनेचे पेटंट अमेरिकेत १९१७ साली मिळाले होते. घोडा दाबताच आत निळसर ठिणग्यांचे कडे उठे. शिवाय वायरला अर्थिंग नव्हते, म्हणून प्रथम तीन तारांची वायर घालून हिरवी तार कवचाला जोडली. उघडल्यावर दिसले की कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कार्बनचे छोटे ठोकळे) झिजले होते आणि ते ज्यावर घासतात त्या फिरत्या कम्युटेटरच्या तांब्याच्या पट्ट्यांमधील फटींत भुकटी साचली होती. ती लाकडी काडीने कोरून काढली, पट्ट्या बारीक काचपेपरने साफ केल्या (एमरी पेपर टाळला, कारण त्याचे वीजवाहक कण फटींत अडकू शकतात) आणि नवे ब्रश घासून मापात बसवले. ठिणग्या आता जेमतेम दिसतात. कवचावरचा उडालेला रंग मात्र मी मुद्दाम तसाच ठेवला आहे.