फायनलच्या आधी एकदा टीव्हीमागे वाकून बघा

साडेसातचा सामना नेटवरून टीव्हीवर बघायचा आणि सव्वासातला नेट देणाऱ्या केबलवाल्याला फोन, हे गणित कधीच जुळत नाही. त्या वेळी अर्धी कॉलनी त्यालाच फोन लावून बसलेली असते. म्हणून पुढची कामं निदान आठवडाभर आधी, एखाद्या रविवारी सकाळी उरकून घ्या. नेटचा प्लॅन वाढवायचं काम यात मुद्दाम शेवटी ठेवलंय. टीव्हीवर गोल फिरायला लागलं की लोक आधी तेच करतात आणि बहुतेक वेळा पैसे फुकट जातात. नेटफ्लिक्सनेच दिलेले आकडे बघा: फुल एचडीला ५ एमबीपीएस (नेटच्या वेगाचं माप), त्याहून स्पष्ट चित्राच्या फोर-केला १५. म्हणजे ५० एमबीपीएसच्या साध्या प्लॅनवर दोन टीव्ही फोर-के चालूनही मुलांच्या मोबाइलला उरतं. अडचण बहुधा बाहेरून घरात आलेली वायर आणि टीव्ही यांच्यामधल्या वीस-पंचवीस फुटांत असते.

तेव्हा आधी मोजा. मोबाइल वायफायवर ठेवा, सिमचा डेटा बंद करा आणि राउटरच्या शेजारी उभं राहून स्पीड टेस्ट घ्या. मग तोच मोबाइल टीव्हीला चिकटून धरा आणि पुन्हा घ्या. दुपारी एकदा आणि रात्री नऊ-साडेनऊला एकदा, कारण खरी गर्दी तेव्हाच असते. राउटरपाशी ९० आणि टीव्हीपाशी ८ आले, तर केबलवाल्याला शिव्या घालू नका, दोष घरातला आहे. राउटरपाशीच रात्री बोंब असेल, तर लॅपटॉप वायरने राउटरला जोडून एकदा खात्री करा आणि मग तो आकडा घेऊन फोन करा. ‘नेट स्लो आहे’ म्हटलं की तिकडून ‘रिस्टार्ट करा’ एवढंच उत्तर येतं. आकडा सांगितला की माणूस येतो.

तो आला की फायबरची वायर दाखवा. पिवळी किंवा पांढरी, टोकाला बहुतेक हिरवं कनेक्टर असलेली. आत काचेची तार असते हे आपण विसरतो. रंगकाम झालं, सोफा सरकवला, की तीच वायर खिळ्याला पीळ देऊन अडकवलेली किंवा सोफ्याच्या पायाखाली दबलेली सापडते. घट्ट वळणातून प्रकाश गळतो. नेट पूर्ण जात नाही, पण अधूनमधून तुटत राहतं आणि कारण कळत नाही. जास्तीची वायर बशीएवढ्या सैल वेटोळ्यात ठेवा. ही वायर ज्या डब्यात शिरते त्यावर एलओएस लिहिलेला लाल दिवा लागला, तर प्रकाशच पोचत नाहीये. तिथे राउटर दहा वेळा बंद-चालू करून काही होणार नाही, फोनच करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि लोक सगळ्यात जास्त टाळतात तेही हेच. टीव्ही राउटरला लॅन केबलने जोडा. हॉलमधून वायर गेली की घर खराब दिसतं, ही तक्रार मान्य आहे. स्कर्टिंगच्या कडेने पांढरी केसिंग पट्टी मारली की दिसत नाही. वायर कॅट-६ घ्या आणि शुद्ध तांब्याचीच मागा. स्वस्त वायरींत ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो, ती लवकर तुटते आणि लांब अंतराला दगा देते. बऱ्याच टीव्हींचं लॅनचं भोक १०० एमबीपीएसचंच असतं, त्यामुळे वायफायपेक्षा आकडा कमी दिसला तरी घाबरू नका. टीव्हीला १५-२० पुरतात, ते सलग मिळणं महत्त्वाचं.

वायर शक्यच नसेल, तर राउटरची जागा बदला. शोकेसच्या आत, टीव्हीच्या मागे, देवघराच्या वर फोटोंच्या आड, अशा जागा आपण का निवडतो कळत नाही. राउटर उघड्यावर, छातीच्या उंचीवर आणि शक्यतो टीव्ही दिसेल असा हवा. मग सेटिंगमध्ये जाऊन वायफायच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांना वेगवेगळी नावं द्या आणि टीव्ही ५ वर जोडा. २.४ भिंतीतून लांब जातं, पण इमारतीतल्या सगळ्या शेजाऱ्यांचे राउटर तिथेच दाटीवाटीने बसलेले असतात, आणि मायक्रोवेव्ह लावला की तोही त्याच पट्ट्यात गोंगाट करतो. ५ ला गर्दी कमी, पण मधे दोन विटांच्या भिंती आल्या की ते दमतं. जुन्या वाड्याच्या जाड भिंती असतील तर वायरशिवाय पर्याय नाही.

वीज. पावसाळ्यात सामना आणि लाईट एकदमच जातात. फायबरची गंमत अशी, की केबलवाल्याच्या ऑफिसपासून घरापर्यंतच्या वाटेत बहुतेक ठिकाणी वीज लागतच नाही. एका वायरचा प्रकाश अनेक घरांत वाटणारे मधले स्प्लिटर विजेविना चालतात. त्यामुळे त्याच्याकडे बॅटरी असेल आणि तुमचा डबा व राउटर चालू असतील, तर लाईट गेली तरी नेट राहतं. घरात इन्व्हर्टर असेल तर दोन्ही त्याच्या लाईनवर घ्या. नसेल तर छोटा राउटर-यूपीएस मिळतो. घेण्याआधी अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा, बहुतेक ठिकाणी १२ व्होल्ट असतात, आणि पिन बसते का तेही बघा. फायबरऐवजी जिन्यातल्या नेटवर्क स्विचवरून (घराघरांत लॅन वायर वाटणारा डबा) लॅन वायर आली असेल, तर त्या स्विचला बॅकअप आहे का हे सोसायटीत आधीच विचारा.

टीव्हीकडे फार वेळ घालवायला नको. ॲप अपडेट करा, न वापरलेली काढून टाका, तारीख-वेळ आपोआप सेट होऊ द्या आणि प्लग काढून दोन मिनिटांनी पुन्हा लावा, कारण रिमोटने बंद केलेला स्मार्ट टीव्ही खरा बंद झालेला नसतो. जुन्या टीव्हीला ॲप चालवणारा बाहेरचा डबा लावणार असाल तर बिननावाचा, अतिस्वस्त अँड्रॉइड डबा घेऊ नका. त्यांतल्या बऱ्याच डब्यांना वाइडवाइनची (चित्राची चोरी रोखणारं गूगलचं कुलूप) वरची परवानगी नसते, मग पैसे भरूनही मोठी ॲप त्यावर धूसर चित्रच देतात. शिवाय २०२५च्या जूनमध्ये अमेरिकेच्या एफबीआयने अशा काही डब्यांत विकत घेण्याआधीच मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, भरलेलं असतं असा इशारा दिला होता. ‘वर्षाला हजार रुपयांत सगळे चॅनल’ विकणाराही याच गल्लीतला. माल चोरीचा, आणि फायनलच्या रात्री लिंक बंद पडली तर दाद मागणार कुणाकडे?

डेटाच्या मर्यादेची भीती बहुतेकांना उगाच असते. बऱ्याच फायबर प्लॅनना महिन्याला ३,३०० जीबी असतात, आणि नेटफ्लिक्सच्या हिशेबाने फोर-के तासाला ७ जीबीपर्यंत खातं. रोज जवळजवळ सोळा तास बघितलं तरच संपेल. गच्चीवर अँटेना बसवून हवेतून घेतलेल्या नेटला मात्र मर्यादा कमी असते, ती तपासा. हे सगळं करूनही रात्रीचा आकडा घरातल्या टीव्हींच्या गरजेला पुरत नसेल, तर आता खुशाल प्लॅन वाढवा.

सामन्याच्या दिवशी दुपारीच ॲप उघडून लॉगिन करून ठेवा. किती टीव्हींवर एकदम चालतं याला सबस्क्रिप्शनची मर्यादा असते आणि पुण्यातला भाचा त्याच खात्यावर बसलेला असू शकतो. घरातल्या मोबाइलचं फोटो-बॅकअप तेवढ्या वेळापुरतं थांबवा, त्याने अपलोड तुंबतं आणि टीव्हीही अडखळतो. नेट गेलंच तर मोबाइलचा हॉटस्पॉट आहे, फक्त ॲपमध्ये चित्राचा दर्जा कमी करा. एचडी तासाला ३ जीबीपर्यंत जातं, दिवसाच्या २ जीबीत पॉवरप्लेच्या थोडं पुढे जाल इतकंच. आणि नेटवरचं थेट प्रक्षेपण काही सेकंद मागेच असतं, ते कुठल्याही वायरने भरून निघत नाही. कुटुंबाचा व्हॉट्सॲप ग्रुप म्यूट करा. शेजारी डिशवर बघत असतील तर खिडकीही लावून घ्या.