पाठीवरचा ग्रासकटर: पावसानंतर बागेतलं गवत काढताना

कोकणात आंबा-काजूची बाग असेल तर दसरा-दिवाळीच्या सुमाराला गवत काढून घ्याच, कारण एकदा का ते वाळलं की फेब्रुवारी-मार्चमध्ये कुठूनतरी आलेला वणवा अख्खी बाग घेऊन जातो. उतारावर आणि बांधावर पाठीवरचं मशीन मला सगळ्यात बरं वाटतं, इंजिन पाठीवर आणि हातात फक्त दांडा, त्यामुळे खांद्यावरच्या मशीनसारखी एकच बाजू भरून येत नाही. पट्टे मात्र आधी नीट अ‍ॅडजस्ट करा आणि पटकन कसे सोडायचे ते मशीन बंद असतानाच दोनदा करून बघा.

सुरू करायच्या आधी कापायच्या जागेतून एकदा फिरून या. जांभ्याचे सुटे दगड, तार, बाटल्या उचला, झुडपात गांधीलमाश्यांचं पोळं आहे का बघा, गडग्याजवळ, म्हणजे दगडी कुंपणाजवळ, फुरसं असू शकतं म्हणून गमबूट हवेतच. आणि खाजकुयलीच्या शेंगा तयार झाल्या असतील तर तिथे मशीन अजिबात घालू नका, कुसं उडून अंगभर बसतात. गॉगल, कानाला मफ, फुल पँट, आणि 15 मीटरच्या आत कोणी माणूस नको, दगड कुठे उडेल सांगता येत नाही.

दोरी की ब्लेड हा खरा प्रश्न. साध्या ओल्या गवताला नायलॉनची दोरी बस्स, गडग्याच्या कडेला तर दोरीच, ब्लेड दगडावर आपटलं की संपलं. रानमोडी किंवा जाड खोडाच्या झुडपांना मात्र ब्लेड लावा. ब्लेडचा नट बऱ्याच मशीनना उलट्या आट्याचा असतो, सरळ फिरवला की सुटतो, उगाच जोर लावून आटे घालवू नका. दोरी सुकून कडक झाली असेल तर रात्रभर पाण्यात भिजत टाका, लवचिक होते.

पाती बहुतेक मशीनमध्ये वरून बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरते, म्हणून उजवीकडून डावीकडे ओढत कापा, गवत डावीकडे कापलेल्या भागावर पडतं आणि पुढचं साफ दिसतं. पातीची पुढची उजवी बाजू जाड खोडाला लागू देऊ नका, दांडा जोरात झटका मारतो. उतारावर आडवं चाला, वर-खाली नको.

सगळ्यात जास्त काळजी नवीन कलमांची. बुंध्याला दोरी एकदा गोल लागली की साल सोलवटते, वरून कलम हिरवं दिसतं आणि नंतर वाळत जातं. बुंध्याभोवती हातभर जागा सोडा, तिथलं गवत विळ्याने काढा, वेळ जातो पण कलम राहतं.

टू-स्ट्रोक मशीन असेल तर पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिक्स करावं लागतं, 1:50 सांगितलं असेल तर लिटरला 20 मिली, 1:25 असेल तर 40, पुस्तकात दिलंय तेच घाला. फोर-स्ट्रोकला ऑइल वेगळं असतं, त्यात मिक्स घालायचं नाही. टाकी भरताना मशीन पाठीवरून उतरवा, थंड होऊ द्या. पातीत गवत अडकलं तर आधी इंजिन बंद, प्लगची कॅप काढा, मगच हात घाला. इंजिन आणि दांडा जोडणाऱ्या लवचिक शाफ्टला आणि गिअरला वेळच्या वेळी ग्रीस द्या, फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण सुकवून बसवा, आणि सीझन संपला की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, नाहीतर कार्बोरेटरमध्ये पेट्रोल चिकट होऊन पुढच्या वर्षी सुरूच होत नाही.