गाईचं बीजांड लॅबमध्ये पिकवताना कुठला हार्मोन काय करतो

बाएफ या पशुपालनात काम करणाऱ्या संस्थेच्या उरुळी कांचनच्या कामामुळे पुण्याकडची बरीच पोरं आता गाईच्या आयव्हीएफबद्दल (शरीराबाहेर, लॅबमध्ये फलन) विचारतात, आणि पहिला प्रश्न ठरलेला, मिडियममध्ये (बीजांड ठेवायच्या पोषक द्रवात) एफएसएच (बीजांडाची पिशवी वाढवणारा हार्मोन) किती टाकू? त्याआधी एक लक्षात घ्या, फॉलिकलमधून (अंडाशयातल्या बीजांडाच्या पिशवीतून) काढलेलं बीजांड हार्मोन नसतानाही आपोआप पुढं सरकतं, न्यूक्लियस (केंद्रक) पिकायला लागतो. हार्मोन लागतात ते मुख्यतः साइटोप्लाझम (न्यूक्लियसभोवतीचा पेशीद्रव) नीट तयार व्हायला, पुढे भ्रूण टिकतो तो त्याच्याच जोरावर.

2 ते 8 मिमीच्या फॉलिकलमधली बीजांडं घ्या, भोवती क्युम्युलसचे (बीजांडाला चिकटलेल्या मदतनीस पेशींचे) दोन-तीन घट्ट थर आणि आतला रंग एकसारखा हवा. उघडी पडलेली घेऊच नका, कारण एफएसएचचा परिणाम या क्युम्युलस पेशींमार्फतच होतो, त्यांच्यात सायक्लिक एएमपी (पेशीतला निरोप पोचवणारा रेणू) वाढतं आणि तिथून पुढचं सगळं चालू होतं.

बेस टीसीएम-199 (तयार मिळणारं मिडियम), त्यात 10% सीरम आणि एफएसएच. एलएच (बीजांड सुटायचा इशारा देणारा हार्मोन) बरेच जण सवयीने टाकतात, पण गाईच्या शरीरात एलएच फॉलिकलच्या भिंतीतल्या ग्रॅन्युलोसा पेशींवर काम करतो, त्या अँफिरेग्युलिन, एपिरेग्युलिन ही ईजीएफसारखी प्रथिनं सोडतात आणि ते क्युम्युलसच्या ईजीएफ रिसेप्टरवर जाऊन बसतात. डिशमध्ये ती भिंतच नसते ना! म्हणून सरळ ईजीएफ (एक ग्रोथ फॅक्टर) द्यायचा, मिलीलीटरला 10 नॅनोग्रॅम, आणि एफएसएचसोबतच, दोघं मिळून जास्त चांगलं काम करतात. आयजीएफ-1 (दुसरा एक ग्रोथ फॅक्टर) मिलीलीटरला 100 नॅनोग्रॅमपर्यंत वापरतात, पण माझ्या मते आधी ही जोडी बसवा. इस्ट्राडिओल (एक स्टेरॉइड हार्मोन) मिलीलीटरला 1 मायक्रोग्रॅम टाकलात तर ध्यानात ठेवा की मिडियमवर मिनरल ऑइलचा थर असेल तर स्टेरॉइड त्यात निघून जातं.

आणि हो, सीरममध्ये मुळातच ग्रोथ फॅक्टर असतात, त्यामुळे ईजीएफचा खरा परिणाम बघायचाय तर सीरम काढा, फॅटी अॅसिड नसलेलं बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) वापरा, त्याच दिवसाच्या त्याच बीजांडांचा ईजीएफ नसलेला ड्रॉपही (मिडियमचा थेंब) बाजूला लावा, नाहीतर फरक ईजीएफचा का सीरमच्या बॅचचा ते कळणारच नाही.

50 मायक्रोलीटरच्या ड्रॉपमध्ये दहा-दहा ठेवा, 38.5 डिग्री, 5% कार्बन डायऑक्साइड, 22 ते 24 तास. क्युम्युलस फुलून चिकट झालं म्हणजे हायलुरोनिक अॅसिड तयार झालंय, चांगली खूण आहे, पण तेवढ्यावर खूश होऊ नका. पोलर बॉडी (न्यूक्लियस पिकल्याची खूण असलेली छोटी पेशी) बहुतेकांत दिसते, पण फलनानंतर ब्लास्टोसिस्टपर्यंत (आठवड्याभराच्या भ्रूणापर्यंत) त्यातली साधारण तिसरा हिस्साच जातात, म्हणून हार्मोनचा डोस ठरवायचा तो फलनानंतर सातव्या-आठव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट मोजूनच.