४ टीबीची डिस्क, पण वापरता येते फक्त २ टीबी: माझा अनुभव

लक्षण: नाशिकमधल्या सातपूरच्या एका वर्कशॉपच्या बॅकअप पीसीत ४ टीबीची डिस्क. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये २०४८ जीबी वापरात आणि उरलेले १६७८ जीबी 'अनअलोकेटेड', म्हणजे नुसती पडून असलेली जागा. तिथे राइट-क्लिक केलं की 'न्यू सिंपल व्हॉल्यूम' (नवा भाग बनवायचा पर्याय) फिकट, दाबताच येत नाही.

पुन्हा फॉरमॅट, नवी केबल, दुसरा पोर्ट, ड्रायव्हर: सगळं वाया. वैताग नुसता!

कारण डिस्क एमबीआर (डिस्कचे भाग नोंदवायची जुनी पद्धत) होती. एमबीआर सेक्टरचा (डिस्कवरच्या छोट्या कप्प्याचा) पत्ता ३२ बिटांत लिहितं. ५१२ बाइटच्या सेक्टरला गुणलं की २ टीबीला गाडी अडते.

आधी डेटा दुसरीकडे कॉपी करा, कारण पुढे सगळं पुसलं जातं. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडून 'डिस्कपार्ट', मग 'लिस्ट डिस्क'. आकार बघूनच नंबर ठरवा. इथे चुकलात तर भलतीच डिस्क साफ होईल. मग 'सिलेक्ट डिस्क १' (१ च्या जागी तुमचा नंबर), 'क्लीन', 'कन्व्हर्ट जीपीटी' (जीपीटी म्हणजे एमबीआरच्या जागची नवी पद्धत). 'क्लीन' वगळलं तर 'कन्व्हर्ट' नकार देतं, त्याला डिस्क रिकामीच लागते. शेवटी डिस्क मॅनेजमेंटमध्ये ३७२६ जीबीचं एकच एनटीएफएस (विंडोजची नेहमीची फॉरमॅट) व्हॉल्यूम.

अंबड-सातपूरकडे जुन्या मशीनवर ३२ बिट विंडोज एक्सपी अजून दिसतं. त्याला जीपीटी वाचता येत नाही. तिथे २ टीबीच्या आतली एमबीआर डिस्कच लावा.