त्सुनामीबाबत या चुका टाळा

त्सुनामी म्हटले की क्षितिजावर उभी राहिलेली, फेसाळ माथ्याची एक प्रचंड लाट बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते आणि जीव घेणाऱ्या बऱ्याचशा चुका याच चित्रातून होतात. वाऱ्यामुळे उठणारी लाट समुद्राच्या वरच्या थरापुरती असते आणि दर काही सेकंदांनी किनाऱ्यावर येऊन फुटते. त्सुनामीत मात्र तळापासून पृष्ठभागापर्यंतचे सगळे पाणी हलते, कारण खालचा तळच उचलला गेलेला किंवा खचलेला असतो. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळ एका भूपट्टाखाली दुसरा सरकताना साठलेला ताण सुटला, सुमारे १,३०० किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात भूकवच सरकले आणि त्यावरचे पाणी दोन्ही दिशांना निघाले. चार हजार मीटर खोलीवर अशा पाण्याचा वेग ताशी ७०० किलोमीटरच्या आसपास असतो, पण तेथे त्याची उंची इतकी कमी असते की जहाजावरच्या माणसाला ते जाणवतही नाही. किनाऱ्याजवळ तळ उथळ होत जातो तसा पुढच्या पाण्याचा वेग कमी होतो, मागचे पाणी त्याला गाठते आणि उंची वाढते. पुष्कळदा ती फुटणारी लाट नसतेच. कित्येक मिनिटे आत घुसत राहणारी आणि वाटेतली वाहने, लाकडे, भिंती सोबत घेणारी ती एक भरती असते. म्हणूनच गुडघाभर पाण्यातही माणूस उभा राहू शकत नाही.

समुद्र मागे हटेपर्यंत थांबणे ही पहिली चूक. पाणी आधी ओसरते, हे अर्धेच सत्य आहे. २००४ मध्ये थायलंडच्या किनाऱ्यावर समुद्र आधी मागे गेला, कारण त्या बाजूचा तळ खचला होता. पश्चिमेकडे श्रीलंका आणि भारताच्या दिशेने मात्र उचललेल्या तळावरचे पाणी निघाले होते, त्यामुळे तिकडे आधी पाणी चढले. ओसरलेला समुद्र दिसला तर पळावेच, पण तो ओसरला नाही म्हणून निर्धास्त राहू नये.

धक्का किती जोराचा बसला यावरून धोका ठरवणेही तितकेच चुकीचे आहे. १८९६ मध्ये जपानच्या सानरिकू किनाऱ्यावर भूकंप सौम्य जाणवला, लोकांनी त्याकडे दुर्लक्ष केले आणि नंतर आलेल्या त्सुनामीत सुमारे २२,००० माणसे मृत्युमुखी पडली. भूपट्टाचा भाग संथपणे सरकला तर जमीन फारशी हादरत नाही, मात्र पाणी तितकेच विस्थापित होते. त्यामुळे सौम्य असले तरी बराच वेळ चालणारे हेलकावे हीच सूचना मानावी. काही वेळा तर भूकंपच नसतो. २२ डिसेंबर २०१८ रोजी इंडोनेशियात अनाक क्राकाताऊ ज्वालामुखीचा एक भाग समुद्रात कोसळला आणि कोणताही भोंगा वाजण्याआधीच पाणी किनाऱ्यावर पोहोचले.

सर्वांत घातक चूक म्हणजे पहिली लाट येऊन गेली की परत फिरणे. २२ मे १९६० रोजी चिलीमध्ये ९.५ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्सुनामी सुमारे पंधरा तासांनी हवाई बेटांवरील हिलो शहरात पोहोचली. इशारा वेळेवर मिळाला होता, भोंगेही वाजले होते. मध्यरात्रीनंतर आलेल्या पहिल्या लाटा किरकोळ ठरल्या, तेव्हा काही जण घरी परतले आणि काही जण पाहायला किनाऱ्याजवळच थांबले. रात्री एकच्या सुमारास आलेली तिसरी लाट सर्वांत मोठी होती. तिने शहरात ६१ जणांचा बळी घेतला. दोन लाटांमध्ये दहा मिनिटांपासून तासाभरापर्यंतचे अंतर असू शकते आणि हा क्रम कित्येक तास चालतो. मधली शांतता फसवी असते, कारण नेमक्या त्याच वेळी माणसाला अडकलेल्या नातेवाइकांची, कागदपत्रांची, जनावरांची आठवण होते. प्रशासनाने धोका टळल्याचे जाहीर करेपर्यंत उंचावरच थांबावे.

बेटाची किंवा भूभागाची पाठमोरी बाजू सुरक्षित असते, हाही गैरसमजच. १९९२ च्या फ्लोरेस त्सुनामीत इंडोनेशियातील बाबी बेटाच्या दुसऱ्या बाजूची गावे उद्ध्वस्त झाली. पाणी बेटाला दोन्हीकडून वळसा घालून मागे एकत्र आले होते. २००४ मध्ये श्रीलंकेला असाच वळसा घालून आलेल्या लाटांनी केरळच्या किनाऱ्यावर बळी घेतले. भिंतीवरही किती विसंबावे? जपानच्या तारो गावाला सुमारे दहा मीटर उंचीची भिंत होती. ११ मार्च २०११ रोजी पाणी तिच्यावरून आत आले. त्या दिवशीचा इशाऱ्यातला पहिला अंदाज काही ठिकाणी तीन मीटरचा होता, कारण भूकंपाची तीव्रता सुरुवातीला कमी मोजली गेली होती. इशाऱ्यातला आकडा अशा रीतीने वाढू शकतो, म्हणून आपली जागा त्या आकड्यापेक्षा उंच आहे एवढ्यावर समाधान मानू नये.

पाणी ओसरल्यावर होणाऱ्या चुकांकडे कमी लक्ष जाते. खारट झालेली विहीर भराभर उपसून गोडी होईल असे वाटते, परंतु किनाऱ्यालगत गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो आणि जास्त उपसा केल्यास खालचे खारे पाणी वर ओढले जाते. विहिरीतला गाळ आणि घाण काढून, बेताने उपसा करून पाऊस मुरू देणे हाच खात्रीचा मार्ग आहे. शेतात साचलेला खारट गाळ नांगरून मातीत मिसळण्याऐवजी आधी बाहेर काढावा आणि पावसाने धुऊन निघणाऱ्या क्षाराला चर खणून वाट करून द्यावी. पूर्वीच्याच जागी घर बांधण्याआधी त्या जागेची उंची मात्र नव्याने मोजून घ्यावी, कारण भूकंपात जमीनही खचते. ग्रेट निकोबारवरील इंदिरा पॉइंट २००४ मध्ये सुमारे चार मीटर खाली गेला आणि तेथील दीपगृहाचा पाया पाण्यात आला. अशा ठिकाणी त्सुनामी सरल्यावरही रोजची भरती पूर्वीपेक्षा आत येत राहते.