सेकंडहँड फॅमिली एसयूव्ही घेताय? गरम इंजिनवर गाडी बघू नका, आणि या बाकीच्या चुकाही टाळा

सेकंडहँड एसयूव्ही बघायला निघताना बहुतेक जण एकच गोष्ट पाठ करून निघतात, की हे मॉडेल एकदम भरवशाचं आहे, सगळेच म्हणतात, इंजिनला काही होत नाही वगैरे. मॉडेल चांगलं असेलही हो, पण तुम्ही मॉडेल विकत घेत नाही आहात, समोर उभी असलेली ती एक गाडी घेताय, आणि ती गेली सहा-सात वर्षं कुणाच्या हातात होती, तिचं ऑईल वेळेवर बदललं का, ती रोज दोन-दोन किलोमीटरच फिरली की लांबच्या रस्त्याला धावली, यावर तिचं पुढचं सगळं ठरणार आहे. मी स्वतःसाठी दोन सात सीटर घेतल्या आणि नातेवाइकांसोबत बऱ्याच बघून आलो, त्यात जे जे चुकलं आणि जे जे वेळेत लक्षात आलं ते सगळं इथे लिहितोय, कारण या गाडीत घरातली सगळी माणसं एकदम बसतात आणि ती कुठेतरी मध्येच बंद पडली की लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन रस्त्याच्या कडेला उभं राहावं लागतं.

पहिली चूक: गरम इंजिन चालू करून बघणं

ही सगळ्यात मोठी चूक आहे म्हणून सगळ्यात आधी सांगतो. गाडीपाशी गेलात की दरवाजा उघडायच्या आधी बोनेटवर हात ठेवा. मी एकदा एक गाडी बघायला गेलो, बाहेरून लख्ख, आतून सीट कव्हर पण नवी, आणि बोनेट चांगलं कोमट. मालक म्हणाले, "आत्ताच तुमच्यासाठी धुवून आणली साहेब." इंजिन लगेच चालू झालं, आवाज एकदम स्मूद, मला तर आवडलीच होती. पण म्हटलं उद्या सकाळी परत येतो, तोपर्यंत गाडी चालू करू नका. सकाळी गेलो, बोनेट थंडगार, सेल्फ मारला आणि पहिले तीन-चार सेकंद पुढच्या बाजूने खडखडखड असा चेन ओढल्यासारखा आवाज, मग हळूहळू शांत. टायमिंग चेन (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी साखळी) सैल झालेली किंवा तिला ताणून धरणाऱ्या टेन्शनरमध्ये ऑईलचं प्रेशर यायला उशीर होतोय, दोन्हीचा अर्थ मोठं काम. आदल्या दिवशी गरम इंजिनमध्ये हा आवाज आलाच नव्हता, कधीच आला नसता.

थंड इंजिनवरच धूर पण खरा दिसतो. एकाने सेल्फ मारायचा आणि दुसऱ्याने मागे सायलेन्सरपाशी उभं राहायचं. निळसर धूर म्हणजे गाडी ऑईल पितेय. थंडीत थोडी पांढरी वाफ निघून थांबली तर काळजी नाही, पण इंजिन गरम झालं तरी पांढरा धूर चालूच आणि त्याला गोडसर वास, तर कूलंट आत जळतंय, म्हणजे हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग) किंवा त्याहून वाईट. डिझेलला जोरात एक्सलेटर दिल्यावर काळा धूर आला तर इंजेक्टर, टर्बोचे पाइप, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात पाठवणारा व्हॉल्व्ह) यांपैकी काहीतरी बघावं लागणार.

कूलंटची टाकी पण थंड असतानाच उघडायची, गरम असताना झाकण फिरवलं तर उकळतं पाणी अंगावर येतं. आत तेलाचा तवंग किंवा गंजाचा चहासारखा रंग दिसला तर तिथूनच नमस्कार करा. अजून एक सोपी गोष्ट, थंड इंजिन चालू केल्यावर मिनिटभरात रेडिएटरचा वरचा पाइप दाबून बघा, पाइप अजून गार आहे पण दगडासारखा कडक झालाय, तर सिलेंडरमधला गॅस कूलंटमध्ये घुसतोय अशी शंका घ्यायला हरकत नाही. (पंख्यापासून हात लांब ठेवा, तो आपोआप चालू होतो.)

ऑईलची पट्टी नुसती बघून परत ठेवणं

लेव्हल कमी आहे का एवढंच सगळे बघतात. लेव्हल वरच्या खुणेच्याही वर आहे का हे कोणी बघत नाही. अलीकडच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत डीपीएफ नावाचा फिल्टर असतो, तो धुराची काजळी अडवतो आणि मध्ये मध्ये जास्तीचं डिझेल सोडून ती जाळतो, त्यासाठी गाडी काही वेळ सलग चालावी लागते. रोज शाळा-भाजी-ऑफिस असल्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ते जाळणं अर्धवट राहतं आणि न जळलेलं डिझेल खाली ऑईलमध्ये उतरतं, म्हणून लेव्हल वाढते आणि ऑईल पातळ होतं, बेअरिंग आणि टर्बो त्याच पातळ ऑईलवर चालतात. पट्टीला डिझेलचा वास येतो का बघा. थंड हवेतल्या छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनमध्येही असं होतं, होंडाच्या २०१७-१८ च्या १.५ टर्बो सीआर-व्हीमध्ये हीच तक्रार आली होती आणि कंपनीला वॉरंटी वाढवून द्यावी लागली. सीआर-व्हीचं नाव भरवशाच्या गाड्यांत घेतात ना, म्हणून मुद्दाम सांगितलं. एकाच नावाच्या गाडीत वेगवेगळी इंजिनं, वेगवेगळे गिअरबॉक्स येतात, त्यामुळे चौकशी करताना मॉडेल, वर्ष, इंजिन आणि गिअरबॉक्स असं चारही सांगून करा.

टायमिंग बेल्टवाली गाडी असेल तर बेल्ट कधी बदलला याचं बिल मागा, तोंडी नको. बेल्टला किलोमीटरची मर्यादा असते तशी वर्षांची पण असते, कमी चाललेल्या गाडीचा रबर पण म्हातारा होतो. आणि बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह थेट पिस्टनवर आपटतात, मग इंजिन उतरवण्याशिवाय इलाज नाही.

इंजिन लाइट बंद आहे म्हणजे सगळं ठीक समजणं

हे फार जण करतात. स्कॅनर लावून एरर पुसणं हे दोन मिनिटांचं काम आहे, तुम्ही यायच्या आधी कोणीही करू शकतं. म्हणून आपला एक साधा ब्लूटूथ स्कॅनर जवळ ठेवा, स्टिअरिंगच्या खाली सॉकेट असतो, अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोलला २००१, डिझेलला २००४ पासून तो सक्तीचा आहे त्यामुळे अलीकडच्या जवळपास सगळ्या गाड्यांत मिळतो. एरर कोड बघाच, पण त्यापेक्षा महत्त्वाचा भाग म्हणजे रेडिनेस मॉनिटर. गाडीचा कॉम्प्युटर एकेक सिस्टिम तपासून झाली की तिच्यापुढे पूर्ण अशी नोंद करतो, आणि एरर पुसले की या नोंदी पण पुसल्या जातात, परत भरायला काही दिवसांचं चालवणं लागतं. तर लाइट बंद, कोड शून्य, आणि निम्मे मॉनिटर अपूर्ण, असं दिसलं तर नुकतंच कोणीतरी पुसलंय किंवा बॅटरी काढली होती. मालकाला शांतपणे विचारा आणि चार-पाच दिवसांनी परत येऊन स्कॅन करा.

इग्निशन ऑन केल्यावर, इंजिन चालू व्हायच्या आधी, सगळे दिवे एकदा लागायला पाहिजेत आणि मग विझायला पाहिजेत. एअरबॅगचा दिवा लागलाच नाही तर तो काढलेला किंवा दाबलेला असू शकतो, आणि फॅमिली गाडीत यावर तडजोड नाही. एअरबॅगवरूनच, ताकाता कंपनीचे जगभरातले १० कोटींच्या आसपास इन्फ्लेटर (एअरबॅग फुगवणारे भाग) परत बोलवावे लागले कारण आतलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने बिघडतं आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडतात, त्यात माणसं गेली आहेत. १७ अक्षरांचा चासी नंबर टाकून कंपनीकडे रिकॉल बाकी आहे का विचारा. हाच नंबर काचेखाली, दरवाज्याच्या खांबावर आणि कागदावर सारखाच आहे ना तेही बघून घ्या.

गिअरबॉक्सला दहा मिनिटांची चक्कर

ऑटोमॅटिक गाडी थंड असताना पण चालवायची आणि पूर्ण गरम झाल्यावर पण, किमान अर्धा-पाऊण तास. उभ्या गाडीत ब्रेक दाबून डी टाका, मग आर टाका, गिअर लागायला उशीर किंवा लागताना धक्का आला तर नोंद करा. मग मोकळ्या रस्त्यावर ५० ते ७० च्या वेगाला एक्सलेटरवर अगदी हलका पाय ठेवा, तेव्हा रस्त्यावर बारीक पट्टे असल्यासारखी थरथर जाणवली तर बऱ्याचदा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारा भाग) किंवा जुनं ऑईल असतं. सीव्हीटी (गिअरांऐवजी बेल्टवर चालणारा ऑटोमॅटिक) असेल तर जास्त सावध राहा, सात माणसं आणि सामान ओढताना बेल्टवर ताण येतो, निसानने पाथफाइंडरच्या २०१३-१४ च्या गाड्यांवर सीव्हीटीची वॉरंटी वाढवून दिली ती उगाच नाही. आणि "गिअरबॉक्सचं ऑईल लाईफटाइम आहे, बदलावंच लागत नाही" असं कोणी म्हटलं तर मनातल्या मनात समजा की या गाडीचं ते कधीच बदललेलं नाही.

फोर व्हीलमध्ये माझंच नुकसान झालं ते सांगतो. पहिली गाडी घेतली तेव्हा पुढचे दोन टायर नवे कोरे होते, मागचे जुने. मला बरं वाटलं, चला दोन टायर तरी नवे मिळाले. पण ती ऑल व्हील ड्राइव्ह होती, झिजलेल्या टायरचा घेर कमी असतो, म्हणजे पुढची आणि मागची चाकं कायम वेगवेगळ्या गतीने फिरणार आणि मधला क्लच सतत ते सांभाळत बसणार. काही महिन्यांत पार्किंगमध्ये पूर्ण स्टिअरिंग फिरवून वळताना गाडी अडकत अडकत, हिसके देत जायला लागली आणि कपलिंग बदलावं लागलं. त्यामुळे चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच साइजचे आणि साधारण सारखे झिजलेले पाहिजेत. टायरवर तो कधी बनला याचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. आणि टेस्ट ड्राइव्हला मोकळ्या जागेत फुल स्टिअरिंग फिरवून डावीकडून-उजवीकडून सावकाश गोल चक्कर माराच, हिसके आले तर ट्रान्सफर केस किंवा डिफरन्शियल (चाकांना ताकद वाटून देणारे भाग), टकटकटक आली तर अॅक्सल जॉइंट.

एकट्याने गाडी बघणं

सात सीटर गाडी एका माणसाने चालवून घेणं मला तरी पटत नाही. दुसरी गाडी बघताना मी आईला मुद्दाम शेवटच्या रांगेत बसवलं, मी पुढे मस्त गार हवेत, आणि पंधरा मिनिटांनी आई म्हणाली, "अरे इकडे वारंच येत नाहीये." फॅन फिरत होता पण हवा गरम. मागच्या एसीचे पाइप बऱ्याच गाड्यांत खालून, चाकांच्या चिखल-पाण्यातून मागे जातात, ते गंजून गळतात आणि काम महाग असतं. मागच्या रांगेत बसलेल्या माणसालाच मागचे शॉकअब्सॉर्बर, बुश यांचे आवाज खरे ऐकू येतात. भरलेल्या गाडीत चढाला पिकअप, उताराला ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंगची थरथर, सगळं वेगळंच कळतं. एअर सस्पेन्शन असेल तर संध्याकाळी टायर आणि मडगार्डमध्ये किती बोटं मावतात ते चारही चाकांना मोजा आणि सकाळी गाडी चालू करायच्या आधी परत मोजा, एक कोपरा बसला असेल तर तिथे गळती आहे आणि तिच्यापायी कॉम्प्रेसरही जायला आलेला असतो.

हायब्रिड असेल तर मागच्या सीटजवळ बॅटरीच्या पंख्याची जाळी असते बऱ्याच गाड्यांत, ती केस-धुळीने बुजली की बॅटरी तापते. जाळी स्वच्छ दिसली तर मालक काळजी घेणारा आहे, तेवढ्यावरून पण अंदाज येतो.

पाण्यात बुडालेली आणि ठोकलेली गाडी न ओळखणं

पॉलिश आणि परफ्युम यांनी सगळं झाकता येतं, पण सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघितला की तळाशी चिखलाची रेघ राहिलेली असते, ती कोणी धूत नाही. सीटच्या खालचे रूळ आणि त्यांचे बोल्ट गंजलेत का, स्टेपनीच्या खड्ड्यात बारीक रेती बसलीय का, डॅशबोर्डखालचे वायरचे कनेक्टर हिरवे पडलेत का, एवढं बघा. बुडालेली गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नका, तिची वायरिंग वर्ष-दीड वर्षाने त्रास द्यायला लागते आणि कोणालाच नक्की बिघाड सापडत नाही.

ठोकलेल्या गाडीसाठी बोनेट आणि फेंडरच्या बोल्टांचा रंग उडालाय का बघा, पाना लागल्याशिवाय तो उडत नाही. पेंटची जाडी मोजायचं मशीन मिळालं तर उत्तम, कंपनीचा पेंट साधारण १०० ते १८० मायक्रॉन असतो, हजाराच्या पुढे आकडा गेला तर खाली लांबी (पुट्टी) भरलीय. एखादा दरवाजा रंगवलेला असणं काही गुन्हा नाही, पण खांब, छप्पर किंवा पुढच्या चासीच्या दांड्यांवर वेल्डिंग दिसलं तर सोडून द्या.

किलोमीटर कमी दाखवलेत अशी शंका आली तर ब्रेकच्या पेडलचा रबर, स्टिअरिंगची चमक आणि ड्रायव्हर सीटची बाहेरची कड बघा, चाळीस हजार चाललेल्या गाडीचा पेडल गुळगुळीत होत नाही. सर्व्हिसच्या बिलांवर तारीख आणि किलोमीटर दोन्ही असतात, ते ओळीने लावून बघितले की गडबड दिसते.

आणि हे सगळं तुम्ही स्वतः केलंत तरी शेवटी आपल्या ओळखीच्या मेकॅनिककडे गाडी लिफ्टवर चढवाच, विकणाऱ्याच्या मेकॅनिककडे नाही. त्याला नुसतं "बघ जरा" म्हणू नका, तुम्हाला जे जे खटकलं ते कागदावर लिहून द्या. मालक गाडी लिफ्टवर न्यायला नाहीच म्हणत असेल तर मी तरी अशी गाडी घेत नाही, कितीही आवडली तरी. गाडी घेतलीत की पहिल्या आठवड्यात इंजिन ऑईल, फिल्टर, कूलंट, ब्रेक फ्लुइड बदला, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलच्या ऑईलची बिलं नसतील तर तेही, आणि पुढचे दोन हजार किलोमीटर दर पाचशेला सपाट जागेवर थंड इंजिनची पट्टी काढून लेव्हल वहीत लिहून ठेवा, ऑईल पिणारं इंजिन तेवढ्यात सापडतं.